रुग्णालयातील संगणकीय औषधलेखन : लाभ, धोके आणि पूर्वतयारी

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या खाटेशी ठेवलेला औषधांचा तक्ता हा वरवर पाहता एक साधा कागद असतो. परंतु त्या रुग्णाच्या उपचारात गुंतलेल्या सर्व माणसांना जोडणारा दुवा तोच होय. डॉक्टर त्यावर औषधाचे नाव, मात्रा, ते देण्याचा मार्ग आणि वेळ लिहितात. औषधनिर्माता तो वाचून औषध काढून देतो. परिचारिका तो वाचून औषध रुग्णाला देते आणि दिल्याची नोंद त्याच कागदावर करते. या साखळीत एक अक्षर चुकीचे लिहिले गेले किंवा एक टिंब वाचावयाचे राहिले, तरी त्याचा परिणाम खाटेवरील रुग्णाला भोगावा लागतो.

या कागदाची जागा संगणकाने घ्यावी, यासाठी जगातील अनेक देशांत गेली पन्नासहून अधिक वर्षे प्रयत्न चालू आहेत. त्याचे फळ म्हणून आज संगणकीय औषधलेखनाच्या तयार प्रणाली बाजारात विकत मिळतात आणि बहुतेक रुग्णालये अशा तयार प्रणालीच घेतात. त्यांमुळे चुका कमी होतात, हे अनेक ठिकाणच्या पाहणीतून दिसून आले आहे. त्याचबरोबर एकच प्रणाली एका रुग्णालयात उपकारक ठरली आणि दुसऱ्या रुग्णालयात तिच्या आगमनानंतर मृत्यूंचे प्रमाण वाढलेले आढळले, असेही घडले आहे. असे का व्हावे, हे समजून घेणे ही प्रणाली घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाच्या हिताचे आहे.

हस्तलिखितातील धोके

डॉक्टरांचे अक्षर हा नेहमी विनोदाचा विषय होतो. परंतु रुग्णालयात तो विनोदाचा राहत नाही. इन्सुलिनच्या मात्रेपुढे ‘युनिट’ या शब्दाऐवजी त्याचे इंग्रजी आद्याक्षर घाईने लिहिले, तर ते शून्यासारखे दिसते आणि १० युनिटांचे १०० होतात. ‘१.०’ मधील टिंब पुसट उमटले, तर एकाचे दहा होतात. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना टिंबाआधीचे शून्य गाळले, तर अर्ध्याचे पाच होतात. औषधांच्या नावांतील साम्य हा आणखी एक धोका. आम्लपित्तावरील ‘लोसेक’ आणि लघवीचे प्रमाण वाढविणारे ‘लॅसिक्स’ या दोन नावांत अमेरिकेत इतका गोंधळ होऊ लागला की, १९९० साली तेथे लोसेकचे नाव बदलून ‘प्रिलोसेक’ असे करण्यात आले.

इंग्लंडच्या वायव्य भागातील १९ रुग्णालयांत करण्यात आलेल्या एका मोठ्या पाहणीचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. त्या पाहणीत १,२४,२६० औषधनोंदी तपासण्यात आल्या. त्यांपैकी ११,०७७ नोंदींत, म्हणजे शेकडा ८.९ नोंदींत, चूक आढळली. यांतील बहुतेक चुका औषधनिर्मात्यांच्या व इतरांच्या नजरेस वेळीच आल्या आणि रुग्णापर्यंत पोचल्या नाहीत. चुका केवळ नवशिक्या डॉक्टरांकडून होतात, हा समजही या पाहणीने दूर केला. सर्व श्रेणींच्या डॉक्टरांकडून त्या होत असल्याचे दिसून आले.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, वैद्यकीय चुकांमुळे त्या देशातील रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज दिला होता. औषधविषयक चुकांचा त्यांत मोठा भाग होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जगापुढे ठेवले. हा प्रश्न एखाद्या देशाचा किंवा एखाद्या डॉक्टरच्या हस्ताक्षराचा नाही, हे यावरून ध्यानात येईल.

संगणकीय औषधलेखन म्हणजे काय?

या पद्धतीत डॉक्टर कागदावर न लिहिता संगणकाच्या पडद्यावर रुग्णाची नोंद उघडतात, यादीतून औषध निवडतात आणि मात्रा, मार्ग व वेळ भरतात. ही नोंद तत्काळ औषधालयात व कक्षातील परिचारिकेच्या पडद्यावर दिसते. अक्षर वाचण्याचा प्रश्न उरत नाही. तक्ता क्ष-किरण विभागात गेला म्हणून औषध थांबले, असेही होत नाही.

याहून महत्त्वाचा भाग म्हणजे प्रणालीकडून होणारी पडताळणी. रुग्णाला पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याची नोंद असेल आणि डॉक्टरांनी त्याच गटातील औषध निवडले, तर पडद्यावर इशारा उमटतो. दोन औषधे एकमेकांना मारक असतील, मात्रा नेहमीच्या मर्यादेबाहेर असेल, किंवा एकच औषध दोन निरनिराळ्या नावांनी दोनदा लिहिले गेले असेल, तर तेही निदर्शनास आणून दिले जाते. काही रुग्णालयांत ही साखळी पुढे खाटेपर्यंत नेलेली असते. रुग्णाच्या मनगटावरील पट्टीचा व औषधाच्या वेष्टनाचा बारकोड परिचारिका उपकरणाने वाचते आणि योग्य रुग्णाला योग्य औषध दिले जात असल्याची खात्री करून घेते.

घरी घडविलेली आणि बाजारातून आणलेली

या क्षेत्रातील आरंभीचा एक मोठा प्रयोग १९७१ साली कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील एल कॅमिनो रुग्णालयात झाला. तेथील प्रणाली लॉकहीड या विमाननिर्मितीत नाव कमावलेल्या कंपनीने तयार केली होती. पुढे बॉस्टन येथील ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयाने स्वतःच्या डॉक्टरांच्या व तंत्रज्ञांच्या साहाय्याने आपली प्रणाली घडविली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील पाहणीनुसार, वेळीच न अडविल्या गेलेल्या गंभीर औषधचुकांचे प्रमाण दर एक हजार रुग्णदिवसांमागे १०.७ वरून ४.८६ वर आले. म्हणजे ते निम्म्याहून अधिक घटले. या आकड्याने जगभरच्या आरोग्यप्रशासनांचे लक्ष वेधून घेतले.

परंतु ब्रिगहॅममधील प्रणाली त्या रुग्णालयाच्या अंगाला बेतून शिवलेली होती. कामाची पद्धत आणि संगणकाची आज्ञावली ही दोन्ही एकाच घरात, एकमेकांकडे पाहत वाढली होती. अशी घडण करण्याइतके तज्ज्ञ, पैसा आणि काळ फारच थोड्या रुग्णालयांपाशी असतो. इतरांना तयार प्रणाली विकत घ्यावी लागते. ती शेकडो रुग्णालयांसाठी बनविलेली असते. तिच्यातील औषधांची यादी, पडद्यांचा क्रम आणि कामाच्या पायऱ्या कोठल्याही एका रुग्णालयाच्या नसतात. साहजिकच, घरी घडविलेल्या प्रणालीचा लाभ बाजारातील प्रणालीने तसाच मिळेल काय, हा प्रश्न उभा राहिला.

दरम्यान शासनांनीही या कामात लक्ष घातले. अमेरिकेने २००९ साली कायदा करून संगणकीय नोंदी ठेवणाऱ्या रुग्णालयांना आर्थिक प्रोत्साहन दिले आणि थोड्याच वर्षांत तेथील बहुतेक रुग्णालये तयार प्रणालींकडे वळली. इंग्लंडने २००२ साली सर्व आरोग्यसेवेसाठी एक राष्ट्रव्यापी संगणक कार्यक्रम हाती घेतला. परंतु सर्वांसाठी एकच साचा हा मार्ग तेथे यशस्वी झाला नाही आणि २०११ साली तो मोडीत काढण्याची घोषणा झाली. त्यानंतर रुग्णालयांनी आपापली प्रणाली निवडावी असे धोरण राहिले आणि २०१८ साली केवळ संगणकीय औषधलेखनासाठी ७ कोटी ८० लक्ष पौंडांचे साहाय्य जाहीर करण्यात आले.

दोन पाहण्यांतील हिशेब

तयार प्रणालीचा खरा लाभ-तोटा समजण्यास लंडनमधील एका अध्यापन रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागातील २८ खाटांच्या कक्षाची पाहणी उपयोगी पडते. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. तेथे औषधलेखनापासून बारकोडपर्यंतची संपूर्ण साखळी असलेली व्यापारी प्रणाली बसविण्यात आली. औषध लिहिण्यातील चुका शेकडा ३.८ वरून २.० वर आल्या. औषध देण्यातील चुका शेकडा ७.० वरून ४.३ वर आल्या. पूर्वी औषध देताना शेकडा ८२.६ वेळा रुग्णाची ओळख पटवून घेतली जात नव्हती. ते प्रमाण शेकडा १८.९ पर्यंत खाली आले.

या लाभाची किंमत कर्मचाऱ्यांच्या वेळात मोजावी लागली. नित्याचे एक औषध लिहिण्यास डॉक्टरांना पूर्वी १५ सेकंद लागत, ते आता ३९ सेकंद लागू लागले. कक्षात येणाऱ्या औषधनिर्मात्याचे काम दिवसाला ६८ मिनिटांवरून ९८ मिनिटांवर गेले. परिचारिकांची औषधफेरी ५० मिनिटांऐवजी ४० मिनिटांत आटोपू लागली. परंतु फेरीबाहेरच्या औषधविषयक कामांत त्यांचा अधिक वेळ जाऊ लागला. तेव्हा संगणक आला म्हणजे मनुष्यबळ वाचेल, ही अपेक्षा ठेवून जे रुग्णालय या कामास हात घालील, त्याची निराशा होण्याचा संभव आहे. येथे सुरक्षितता वाढते. श्रम कमी होतातच असे नाही.

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील दोन रुग्णालयांत दोन निरनिराळ्या व्यापारी प्रणालींची पाहणी करण्यात आली व ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. प्रणाली बसविलेल्या तिन्ही कक्षांत औषधलेखनातील चुका शेकडा ५७ ते ६६ इतक्या घटल्या आणि गंभीर चुकांचे प्रमाण शेकडा ४४ ने कमी झाले. बाजारातून घेतलेली प्रणालीही उपकारक ठरू शकते, हे यावरून सिद्ध झाले. तथापि याच पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली. नंतर उरलेल्या चुकांपैकी सुमारे एक-तृतीयांश चुका अशा होत्या की, त्या घडण्यास प्रणालीची रचनाच कारणीभूत होती. कागदावर त्या झाल्याच नसत्या.

एक प्रणाली, तीन रुग्णालये

अमेरिकेतील तीन बालरुग्णालयांचा अनुभव या विषयात विशेष बोधप्रद आहे. तिन्ही ठिकाणी एकाच कंपनीची तयार प्रणाली बसविण्यात आली होती.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग येथील बालरुग्णालयात २००२ च्या ऑक्टोबरमध्ये अवघ्या सहा दिवसांत संपूर्ण रुग्णालय कागदावरून संगणकावर नेण्यात आले. इतर ठिकाणांहून विशेष उपचारासाठी तातडीने आणल्या जाणाऱ्या बालकांच्या नोंदी तेथील डॉक्टरांनी पुढे तपासल्या. आधीच्या तेरा महिन्यांत अशा १,३९४ बालकांपैकी ३९ दगावली होती. म्हणजे प्रमाण शेकडा २.८० होते. नंतरच्या पाच महिन्यांत ५४८ बालकांपैकी ३६ दगावली. म्हणजे प्रमाण शेकडा ६.५७ झाले. २००५ साली हे आकडे प्रसिद्ध होताच वैद्यकीय जगतात खळबळ उडाली.

यामागची कारणे पाहिली, तर ती आज्ञावलीच्या आतल्यापेक्षा कक्षातील कामात अधिक सापडतात. पूर्वी अत्यवस्थ बालक रुग्णवाहिकेत असतानाच त्याच्यासाठी लागणाऱ्या औषधांच्या सूचना लिहून ठेवल्या जात. बालक दारात येताच औषध तयार असे. नव्या पद्धतीत बालक प्रत्यक्ष येऊन त्याची नोंदणी पुरी होईपर्यंत संगणक कोणतीही औषधसूचना स्वीकारीत नव्हता. कागदावर काही सेकंदांत होणाऱ्या सूचनेस आता अनेक वेळा कळ दाबून एक ते दोन मिनिटे लागत. एक डॉक्टर संगणकाशी अडकून पडल्याने खाटेजवळचा एक माणूस कमी होई. त्याच सुमारास अतिदक्षता विभागात ठेवली जाणारी औषधे मध्यवर्ती औषधालयात हलविण्यात आली होती. अत्यवस्थ रुग्णांसाठी आधीपासून जुळवून ठेवलेले औषधसंच प्रणालीत नव्हते. गर्दीच्या वेळी संगणकाची जोडणी मंदावे. जेथे मिनिटामिनिटाला महत्त्व असते, तेथे असा प्रत्येक विलंब जड जातो. पूर्वी आणि नंतर अशा तुलनेतून मृत्यूंचे कारण निर्विवादपणे सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु दोषांची ही यादी दुर्लक्षिण्यासारखी खासच नव्हती.

वॉशिंग्टन राज्यातील सिएटल येथील बालरुग्णालयात २००३ साली तीच प्रणाली सुरू झाली. तेथे अतिदक्षता विभागासाठी लागणारे औषधसंच आधीच तयार करून ठेवण्यात आले होते. तेथील बाल अतिदक्षता विभागात आधीच्या तेरा महिन्यांत मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४.२२ होते, ते नंतरच्या तेरा महिन्यांत ३.४६ झाले. हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या निर्णायक नव्हता. परंतु मृत्यू वाढले नाहीत, एवढे निश्चित झाले.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ल्युसिल पॅकार्ड बालरुग्णालयाने २००७ साली हीच प्रणाली आपल्या गरजेनुसार फेरफार करून स्वीकारली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात रुग्णालयातील मृत्यूंचा सरासरी मासिक दर शेकडा २० ने घटल्याचे दिसून आले. तेथे केवळ प्रणालीच आली नव्हती. कामाच्या पद्धतींतही सुधारणा होत होत्या, हे अभ्यासकांनी स्वतःच नमूद केले आहे.

यंत्र तेच, कंपनी तीच. फरक पडला तो ते यंत्र कामात कसे बसविले गेले यात. प्रणाली विकत घेणे म्हणजे ती अंगीकारणे नव्हे, हा या तीन रुग्णालयांच्या अनुभवाचा निष्कर्ष होय.

नव्या जातीच्या चुका

कागदावरील चुका संगणकाने घालविल्या, तरी तो आपल्या स्वतःच्या चुका घेऊन येतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात केलेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तेथील व्यापारी प्रणालीमुळे संभवणाऱ्या २२ प्रकारच्या चुका नोंदविण्यात आल्या. एका रुग्णाची सर्व औषधे पाहण्यासाठी कधी कधी वीसपर्यंत पडदे उघडावे लागत. औषधालयात गोळी ज्या वजनाची ठेवलेली असे तो आकडा पडद्यावर दिसे आणि डॉक्टर तीच योग्य मात्रा समजत. लांबलचक यादीत शेजारच्या ओळीवर बोट पडून दुसरेच औषध किंवा दुसराच रुग्ण निवडला जाणे, ही तर सर्वत्र आढळणारी चूक आहे. कागदावर चुकलेले अक्षर निदान संशय तरी उत्पन्न करते. पडद्यावरील चुकीचे औषध मात्र स्वच्छ, सुवाच्य आणि अधिकृत दिसते.

दुसरा प्रश्न इशाऱ्यांच्या अतिरेकाचा. प्रणाली विकणारी कंपनी जबाबदारी टाळण्यासाठी शक्य तितके इशारे तीत भरून ठेवते. दिवसातून असंख्य वेळा, बहुधा क्षुल्लक कारणासाठी, इशारा उमटू लागला की डॉक्टर तो न वाचता बाजूस सारतात. निरनिराळ्या अभ्यासांचा २००६ साली घेण्यात आलेल्या आढाव्यात, असे दुर्लक्षिलेले इशारे शेकडा ४९ पासून ९६ पर्यंत असल्याचे आढळले. नेहमीच खणखणणाऱ्या घंटेकडे जसे कोणी लक्ष देत नाही, तसेच हे होते.

या दोन्ही दोषांचा संयोग किती भयंकर ठरू शकतो, हे सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१३ साली दिसून आले. एका सोळा वर्षांच्या मुलाला १६० मिलिग्रॅमची एक प्रतिजैविक गोळी दिवसातून दोनदा द्यावयाची होती. त्याचे वजन ४० किलोग्रॅमपेक्षा कमी असल्याने मात्रा वजनाच्या हिशेबाने भरावी, असा तेथे नियम होता. डॉक्टरांनी १६० हा आकडा भरला. पण त्यापुढचे परिमाण ‘मिलिग्रॅम’ असे नसून ‘दर किलोग्रॅमला मिलिग्रॅम’ असे होते. संगणकाने गुणाकार करून साडेअडतीस गोळ्यांची मात्रा ठरविली. इशारा डॉक्टरांना दिसला आणि औषधनिर्मात्यालाही दिसला. रोजच्या अनेक इशाऱ्यांपैकी एक म्हणून दोघांनीही तो बाजूस सारला. औषधालयातील यंत्राने गोळ्या बिनचूक मोजून बांधल्या. परिचारिकेला इतक्या गोळ्या पाहून नवल वाटले. पण तिने बारकोड तपासला, तेव्हा औषध व मात्रा बरोबर असल्याचा निर्वाळा संगणकाने दिला. मुलाने त्या सर्व गोळ्या घेतल्या. काही तासांनी त्याला जोराचे झटके आले. सुदैवाने तो वाचला. त्या रुग्णालयाने ही घटना दडपून न ठेवता तिची चर्चा होऊ दिली, ही गोष्ट प्रशंसनीय म्हटली पाहिजे.

पूर्वतयारी कोणती हवी?

या सर्व अनुभवांतून रुग्णालयांसाठी काही सूत्रे हाती येतात. प्रथम, प्रणाली निवडण्यापूर्वीच आपल्या रुग्णालयात औषध लिहिल्यापासून ते रुग्णाच्या पोटात जाईपर्यंतचा प्रवास कसा होतो, याची कक्षावार नोंद करावी. रात्रपाळीत कोण लिहितो, अपघात विभागात नोंदणीपूर्वी औषध कसे दिले जाते, कोणती औषधे कक्षातच ठेवलेली असतात, हे कागदावर मांडल्याविना कोणत्याही कंपनीचे प्रात्यक्षिक पाहण्यात अर्थ नाही.

दुसरे, औषधांची यादी आपली स्वतःची असावी. परदेशी प्रणालीबरोबर येणारी नावे, गोळ्यांची वजने आणि मात्रेच्या मर्यादा येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. ही यादी तयार करणे हे औषधनिर्माता आणि डॉक्टर यांनी एकत्र बसून करावयाचे दीर्घ काम आहे. बालकांसाठी वजनावर आधारित मात्रा, अतिदक्षता विभागासाठी औषधसंच आणि परिमाणे स्पष्ट दाखविणारे पडदे ही पहिल्या दिवसापूर्वी तयार असली पाहिजेत.

तिसरे, इशारे मोजके आणि गंभीर असावेत. कोणता इशारा ठेवावा व कोणता काढावा, हे ठरविणारी समिती रुग्णालयात कायम असावी आणि किती इशारे दुर्लक्षिले जातात याचा तिने वेळोवेळी आढावा घ्यावा. चौथे, सर्व कक्षांत एकदम बदल करण्याऐवजी, शक्य असेल तेथे, एका कक्षापासून आरंभ करून दोष दुरुस्त करीत पुढे जावे. आरंभीच्या दिवसांत जाणकार व्यक्ती रात्रंदिवस कक्षात हजर हवी आणि कर्मचाऱ्यांची संख्या थोडी वाढवावी. कारण याच काळात काम सर्वांत मंदावते. प्रशिक्षण केवळ डॉक्टरांना देऊन भागत नाही. परिचारिका, औषधनिर्माते आणि दर काही महिन्यांनी बदलणारे निवासी डॉक्टर या सर्वांना ते मिळत राहिले पाहिजे.

पाचवे, संगणक बंद पडेल तेव्हा काय करावयाचे, याची तालीम झालेली असावी. मे २०१७ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्यामुळे इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांना कागदाकडे परतावे लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर असाच हल्ला होऊन सुमारे दोन आठवडे तेथील अनेक कामे हाताने करावी लागली. छापील तक्ते, रुग्णांच्या चालू औषधांची ठराविक वेळाने घेतलेली प्रत आणि कागदावर काम करण्याची सवय या तिन्ही गोष्टी संगणकाच्या युगातही जपून ठेवाव्या लागतात.

आपल्याकडील रुग्णालयांच्या दृष्टीने

भारतात औषधाची चिठ्ठी सुवाच्य असावी, ही अपेक्षा आता नियमांत आली आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली आपल्या नियमावलीत दुरुस्ती करून, डॉक्टरांनी औषधे मूळ नावाने, वाचता येईल अशा रीतीने आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे सांगितले. २०२५ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने, सुवाच्य चिठ्ठी मिळणे हा रुग्णाच्या आरोग्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. आरोग्यविषयक नोंदी संगणकावर आणण्यासाठी केंद्र शासनाने २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. महाराष्ट्रातील लहान-मोठ्या रुग्णालयांपुढेही त्यामुळे हा विषय आज ना उद्या येणारच.

आपल्या रुग्णालयांची परिस्थिती लंडन किंवा स्टॅनफर्डसारखी नाही. एका निवासी डॉक्टरकडे रुग्ण पुष्कळ असतात, एका परिचारिकेकडे खाटा पुष्कळ असतात. एकाच कक्षात एकाच नावाचे व आडनावाचे दोन रुग्ण असणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. तेव्हा यादीतून चुकीचा रुग्ण निवडला जाण्याचा धोका येथे अधिकच. एका औषधाला पंधरा सेकंदांऐवजी एकोणचाळीस सेकंद लागणार असतील, तर शंभर रुग्णांच्या कक्षात त्याचा अर्थ काय होतो, याचा हिशेब खरेदीपूर्वी मांडावयास हवा. संगणकांची संख्या, वीजपुरवठा, जोडणीचा वेग आणि दुरुस्तीला येणारा माणूस यांचा खर्चही प्रणालीच्या किंमतीतच धरावयास हवा.

जेथे संगणक अद्याप पोचलेला नाही, तेथेही या अनुभवाचा उपयोग आहे. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहिणे, टिंबामागे निरर्थक शून्य न देणे, टिंबाआधीचे शून्य न गाळणे, केसपेपरवर रुग्णाचे वजन व ॲलर्जी ठळकपणे नोंदविणे आणि औषध देण्यापूर्वी रुग्णाला त्याचे पूर्ण नाव विचारणे, या गोष्टींना पैसा लागत नाही. ज्या रुग्णालयात ही शिस्त कागदावर रुजली आहे, तेथे ती पडद्यावरही टिकेल.

संगणकीय औषधलेखनाचा लाभ सिद्ध झालेला आहे आणि त्याचा अवलंब होणे इष्टच आहे. मात्र तो करताना रुग्णालयाने आपल्या माणसांच्या निर्णयशक्तीला रजा देऊ नये. एका वेळच्या औषधात अडतीस गोळ्या दिसल्यावर जिच्या मनात शंका आली, त्या परिचारिकेला थांबून विचारण्याचे धैर्य व्हावे आणि तिच्या प्रश्नाला पडद्यावरील निर्वाळ्याहून अधिक मान मिळावा, अशी व्यवस्था प्रत्येक रुग्णालयात असावयास हवी. ती व्यवस्था कोणतीही कंपनी विकत नाही. ती रुग्णालयाने स्वतःच घडवावी लागते.